गुडघ्याची दुखापत आणि सैन्याधिकारीपदाचे स्वप्न

सातारा जिल्हा आणि सैन्यदल यांचे नाते नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. पुणे-मिरज लोहमार्गावरील कोरेगाव आणि त्याच्या अवतीभवतीची गावेही या परंपरेपासून दूर नाहीत. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले, आणि आता मुलीही, पाहिल्या की हे नाते अजून जिवंत असल्याची साक्ष पटते. हीच मुले सायंकाळी कबड्डी, खो-खो अथवा फुटबॉलच्या मैदानावर असतात. आपली कॅथलिक कुटुंबे या परिसरात संख्येने थोडी व विखुरलेली असली, तरी त्यांची मुले याच शाळांत शिकतात, याच मैदानांवर खेळतात आणि हीच स्वप्ने पाहतात.

या स्वप्नांच्या वाटेवर एक प्रश्न वारंवार उभा राहतो आणि त्याची उघड चर्चा मात्र क्वचितच होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा गुडघा खेळताना दुखावला, तर पुढे सैन्यात अधिकारी होण्याची वाट बंद होते काय? काही घरांत ‘झाले, आता सगळे संपले’ असा आक्रोश होतो. काही घरांत ‘काही होत नाही, कोणाला सांगू नका’ असा सल्ला दिला जातो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घातक आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाची नियमांच्या, वैद्यकाच्या आणि आपल्या श्रद्धेच्या अंगाने चर्चा करू इच्छितो.

गणवेशापर्यंतचा मार्ग

प्रथम मार्ग समजून घेऊ. बारावीनंतर अधिकारी होण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अर्थात एनडीए. संघ लोकसेवा आयोग तिची प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा घेतो. प्रत्येक वेळी जागा सुमारे ४०० असतात आणि अर्ज लाखोंच्या संख्येने येतात. प्रवेशाच्या वेळी उमेदवाराचे वय साधारणतः साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि त्यानंतरची सेवा निवड मंडळाची मुलाखतही ९०० गुणांची असते. ही मुलाखत सुमारे पाच दिवस चालते. तिच्यात शिफारस झालेल्या उमेदवाराचीच सैनिकी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, राष्ट्रीय छात्रसेनेतून मिळणारा विशेष प्रवेश असे अन्य मार्गही आहेत. मार्ग कोणताही असो, वैद्यकीय तपासणीचा उंबरठा ओलांडल्यावाचून पुढे जाता येत नाही.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. तपासणी अगदी शेवटी येते. दोन-तीन वर्षांची शिकवणी, मैदानावरचा घाम, आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले शुल्क, लेखी परीक्षेतील यश आणि मुलाखतीची शिफारस एवढे सारे पदरात पडल्यानंतर गुडघ्याची परीक्षा होते. त्यामुळे जी गोष्ट नवव्या-दहाव्या इयत्तेतच कळायला हवी, ती अनेकांना अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, हातातोंडाशी आलेला घास निसटताना कळते.

हा प्रश्न आता केवळ मुलांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएच्या परीक्षेचे दार मुलींना उघडले. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा मुलांच्या तुलनेने अधिक आढळते, हे वैद्यकशास्त्राने वारंवार नोंदविले आहे. तेव्हा कोरेगावच्या कबड्डीपटू मुलीच्या पालकांनीही हा विषय आपला मानावा.

गुडघ्याविषयी नियम काय सांगतात?

मांडीचे हाड आणि नडगी यांना एकत्र धरून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध गुडघ्यात असतात. व्यवहारात आपण त्यांना लिगामेंट म्हणतो. त्यांपैकी पुढच्या आडव्या अस्थिबंधाला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. धावता धावता एकाएकी दिशा बदलणे, उडी मारून चुकीच्या कोनात उतरणे, पाय जमिनीला घट्ट रोवलेला असताना शरीर फिरणे, अशा क्षणी तो तुटतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडलेला असताना त्याचे अंग वळले की हेच घडते. पूर्वी मातीच्या मैदानात पाय थोडा घसरत असे. मॅटवर बूट घट्ट चिकटतो आणि मग सारा पीळ गुडघ्यावर येतो. याशिवाय दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकृती गादी असते. तिला मेनिस्कस म्हणतात. तीही फाटू शकते.

अलीकडच्या वर्षांत एनडीए परीक्षेच्या जाहिरातीसोबत जे वैद्यकीय निकष प्रसिद्ध होतात, त्यांत गुडघ्याविषयी स्पष्ट उल्लेख आहेत. अस्थिबंधात सैलपणा असलेला गुडघा स्वीकारला जात नाही. एसीएलची पुनर्रचना करणारी शस्त्रक्रिया झालेला उमेदवारही अपात्र ठरतो. सांध्याच्या आत गेलेला अस्थिभंग, मग त्यावर शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, अपात्रतेचेच कारण होतो. मात्र सांध्याबाहेरच्या भागातील अस्थिभंगाची गोष्ट निराळी आहे. नडगीचे हाड मधोमध मोडले आणि ते नीट जुळले, तर ठराविक काळानंतर, साधारणतः नऊ महिन्यांनी, उमेदवाराचा विचार होऊ शकतो. हाडात बसविलेली पट्टी किंवा खिळा तसाच असेल, तर तो काढून काही आठवडे लोटेपर्यंत थांबावे लागते. जन्मतः किंवा वाढीच्या काळात गुडघे आत वळलेले असणे, पाय धनुष्याकृती असणे यांसाठी सेंटिमीटरमध्ये मोजलेल्या मर्यादा आहेत आणि त्या इजेच्या नियमांहून वेगळ्या आहेत.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘गुडघा दुखावला’ हे दोन शब्द पुरेसे नाहीत. नेमके काय दुखावले, यावर सारे अवलंबून आहे. मुका मार आणि मुरगळणे यांतून मुले पूर्णपणे बरी होतात. वाढीच्या वयात, विशेषतः उड्या मारणाऱ्या मुलांना, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर टेंगूळ येऊन दुखू लागते. ही वेदना बहुधा वाढ पूर्ण होताच शमते. अशा मुलाला ‘तुझा गुडघा गेला’ असे सांगून त्याचे मन मोडणे हा अन्याय आहे. तसाच तुटलेल्या अस्थिबंधाला ‘साधी मुरगळ’ ठरवून मुलाला पुन्हा मैदानात उतरविणे हाही अन्याय आहे.

तपासणी मंडळाने अपात्र ठरविल्यास दाद मागण्याची सोयही आहे. तात्पुरते अपात्र आणि कायम अपात्र असे दोन प्रकार असतात. उमेदवाराला ठराविक मुदतीत, सामान्यतः ४२ दिवसांच्या आत, अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते. त्यानंतर पुनर्विलोकन मंडळाची विनंती करता येते, परंतु ते मंडळ नेमणे हा उमेदवाराचा हक्क नसून प्रशासनाचा विवेकाधिकार आहे. ही सोय तपासणीतील चूक दुरुस्त करण्यासाठी आहे. नियमात सूट मिळविण्यासाठी ती नाही, हे पालकांनी समजून घ्यावे.

साताऱ्यातीलच एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. कर्नल संतोष महाडिक हे सातारा सैनिक शाळेचे माजी विद्यार्थी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी गणवेश धारण करण्याचा निश्चय केला. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली. निवड मंडळाची परीक्षा आणि चेन्नईचे खडतर प्रशिक्षण मात्र त्यांना पूर्णच करावे लागले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. वयाचा आकडा सरकार बाजूला ठेवू शकते. डोंगर चढणारा पाय मात्र ज्याचा त्यालाच आणावा लागतो.

घरात होणाऱ्या दोन चुका

आता या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळू. एसीएल तुटल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, की मुलाच्या घरी एक विलक्षण पेच उभा राहतो. शस्त्रक्रिया केली तर सैन्याची वाट बंद. मग शस्त्रक्रिया टाळावी काय?

हा विचार वरवर चतुर वाटतो, पण तो पोकळ आहे. पूर्ण तुटलेला एसीएल हाडाप्रमाणे आपोआप जुळून येईल असे धरून चालता येत नाही. तो तसाच राहिला तर सांधा सैल राहतो, आणि सैल सांधा हेही अपात्रतेचेच कारण आहे. म्हणजे शस्त्रक्रिया टाळून पात्रता वाचत नाही. उलट, सैल गुडघ्यावर धावत राहिल्यास मधली गादी फाटते, हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजते आणि चाळिशीतच जिने चढणे कठीण होते. गणवेशही जातो आणि गुडघाही जातो. काही प्रसंगी योग्य व्यायामाने शस्त्रक्रियेवाचूनही दैनंदिन जीवन चांगले चालते हे खरे, परंतु तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञाने मुलाच्या वयाचा, त्याच्या हाडांच्या वाढीचा आणि त्याच्या जीवनाचा विचार करून द्यावयाचा असतो. अकादमीच्या प्रशिक्षकाने किंवा भरतीच्या जाहिरातीने तो ठरवू नये.

दुसरी चूक लपविण्याची. तपासणीच्या वेळी उमेदवाराला पूर्वीचे आजार आणि शस्त्रक्रिया यांविषयी स्वतःच्या सहीने निवेदन करावे लागते. ‘विचारले तर नाही म्हण’ असा कानमंत्र देणारे शहाणे प्रत्येक गावात भेटतात. गुडघ्यावरील व्रण, मांडीच्या स्नायूची कमी झालेली जाडी, डॉक्टरांनी हाताने तपासताच जाणवणारा सैलपणा आणि क्ष-किरण चित्र ही सारी मूक साक्षीदार आहेत. समजा, त्यांतूनही कोणी निसटला. तर त्याची खरी परीक्षा पाठीवर ओझे घेऊन धावताना, अडथळे पार करताना, पहिल्या सत्रात होईल. तेथे गुडघा दगा देईल तेव्हा त्या मुलाजवळ ना प्रकृती राहील ना प्रतिष्ठा.

कॅथलिक पालक म्हणून आपल्याला याहून गंभीर प्रश्नाला उत्तर द्यावयाचे आहे. आठवी आज्ञा आपण मुलांना प्रथम कम्युनियनच्या वर्गात शिकवितो. त्याच मुलाला अठराव्या वर्षी राष्ट्रसेवेच्या पहिल्याच कागदावर असत्य लिहावयास लावणे, हे कोणते संस्कार? ज्या पेशात एकाच्या शब्दावर विसंबून दुसरा प्राण पणाला लावतो, त्या पेशात असत्याच्या दाराने प्रवेश करता येत नाही. योहान बाप्तिस्ताकडे सैनिक मार्ग विचारावयास आले, तेव्हा त्याने त्यांना शस्त्रे टाकून देण्यास सांगितले नाही. खोटे आरोप व पिळवणूक टाळून आपल्या वेतनात समाधानी राहण्याचा, म्हणजेच प्रामाणिकपणाचा, उपदेश त्याने केला, असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो.

खडकवासल्याच्या प्रशिक्षणार्थींचा प्रश्न

या विषयाला २०२५ मध्ये एक राष्ट्रीय परिमाण लाभले. प्रशिक्षणाच्या काळात जायबंदी होऊन एनडीए आणि अन्य सैनिकी प्रबोधिन्यांतून वैद्यकीय कारणास्तव बाहेर पडावे लागलेल्या तरुणांची व्यथा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. १९८५ पासून अशा तरुणांची संख्या सुमारे ५०० असल्याचे त्या वृत्तांत नमूद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि केंद्र सरकारला विचारणा केली.

हा अन्याय तांत्रिक वाटणाऱ्या एका फरकातून जन्मला. सैनिक म्हणून भरती झालेला जवान प्रशिक्षणात जायबंदी झाला, तर त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळू शकतो. अधिकारीपदाचे प्रशिक्षण घेणाऱ्याला मात्र अद्याप पद मिळालेले नसते, म्हणून तो माजी सैनिक ठरत नाही. निवृत्तिवेतनाऐवजी त्याला मर्यादित सानुग्रह रक्कम मिळते. सर्वांत गंभीर अपंगत्वासाठीही ती महिना सुमारे ४०,००० रुपयांपर्यंतच असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. न्यायालयाच्या दखलेनंतर, २९ ऑगस्ट २०२५ पासून, अशा तरुणांना माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत सामावून घेण्यात आले, असे सरकारने न्यायालयास कळविले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी चार दशके लोटावी लागली, ही वस्तुस्थिती आपल्या समाजाला शोभणारी नाही.

कोरेगावच्या पालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, निरोगी मुलगाही प्रशिक्षणात जायबंदी होऊ शकतो इतके ते प्रशिक्षण कठोर आहे. मग आधीच दुबळा झालेला गुडघा तेथे लपवून नेणे किती धोक्याचे, याचा विचार व्हावा. दुसरी, प्रशिक्षणातील अपंगत्वासाठी साहाय्य मागताना ते अपंगत्व प्रशिक्षणामुळे आले की पूर्वीचे होते, हा प्रश्न कळीचा ठरतो. जुनी इजा दडवून गेलेल्या मुलाच्या पायाखालची जमीन येथेच सरकते. सत्य सांगणे हा सद्गुण आहेच, शिवाय मुलाचे ते संरक्षणही आहे.

हा नियम न्याय्य आहे काय?

नियम पाळावयास सांगणे आणि नियमाचा विचार करावयास सांगणे, ही दोन्ही नागरिकाची कर्तव्ये आहेत. एसीएलची शस्त्रक्रिया झाली की उमेदवार अपात्र, हा निकष सरसकट आहे. सोळाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेला, नियमित व्यायाम केलेला आणि एकोणिसाव्या वर्षी पुन्हा राज्य पातळीवर खेळणारा तरुण आणि उपचार अर्धवट सोडलेला तरुण, हे दोघे या निकषापुढे एकाच पंक्तीत बसतात. अमेरिकेच्या सैन्यात अशा शस्त्रक्रियेनंतर बारा महिने उलटले, गुडघा स्थिर असला आणि कोणताही त्रास उरला नसला, तर उमेदवाराचा विचार होऊ शकतो. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्याला मात्र तेथेही अपात्र मानले जाते.

आपल्या सैन्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. आपले जवान आणि अधिकारी सियाचेनच्या हिमात, लडाखच्या विरळ हवेत, ईशान्येच्या निसरड्या चढणींवर उभे असतात. तेथे एकाचा गुडघा निखळला तर त्याला खांद्यावर घेऊन उतरणारे चार जण धोक्यात येतात. जागा थोड्या आणि उमेदवार लाखो असताना निवड करणाऱ्याने सावध असावे, हेही समजण्यासारखे आहे. तथापि सावधगिरी आणि सरसकटपणा यांत अंतर असते. शस्त्रक्रियेचे तंत्र आणि नंतरचे व्यायामोपचार गेल्या दोन दशकांत पुष्कळ सुधारले आहेत. गुडघ्याच्या इतिहासापेक्षा त्याची आजची क्षमता मोजावी काय, हा प्रश्न तज्ज्ञांनी आणि धोरणकर्त्यांनी पुन्हा तपासावा, असे आम्हांस वाटते. नियम बदलेपर्यंत मात्र तो पाळणे, हीच प्रामाणिक माणसाची रीत.

शरीरापेक्षा मन मोठे, याचा दाखला आपल्याच समाजातील एका अधिकाऱ्याने दिला आहे. मुंबईत जन्मलेले, संत झेवियर विद्यालयात शिकलेले इयान कार्डोझो एनडीएतून गुरखा पलटणीत गेले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातील सिल्हेट येथे, भूसुरुंगावर पडून त्यांचा पाय निकामी झाला. त्यांनी स्वतःच्या कुकरीने तो तोडला. पुढे कृत्रिम पायानिशी शारीरिक चाचण्या देऊन त्यांनी आपली क्षमता सिद्ध केली, आणि पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व करणारे ते भारतीय सैन्यातील पहिले अपंग अधिकारी ठरले. मेजर जनरल या पदापर्यंत ते पोहोचले. ज्याने सैन्यासाठी पाय दिला, त्याच्या बाबतीत सैन्याने क्षमता पाहिली. जो अद्याप दाराबाहेर आहे, त्याच्या बाबतीत सैन्य इतिहास पाहते. हा भेद कठोर आहे, पण त्यामागे निदान एक तर्क आहे. सेवेत जायबंदी झालेल्याचे ऋण देशाच्या माथ्यावर असते, उमेदवाराचे नसते.

मैदानावर आणि घरी काय करावे?

खेळ बंद करणे हा उपाय नव्हे. सैन्याला खेळाडूच हवे असतात. इजा टाळता येतात, हे मात्र खरे. धावणे, उडी मारून गुडघे वाकवून हळुवार उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे असे पंधरा-वीस मिनिटांचे व्यायाम खेळापूर्वी नियमित केल्यास गुडघ्याच्या इजा लक्षणीय प्रमाणात घटतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ती शिस्त. डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी रोज धावण्यापेक्षा मातीच्या वाटेवर धावावे. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्यावी.

इजा झालीच, तर काही लक्षणे ओळखावीत. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला, काही तासांतच सूज चढली, पाय टाकताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर तो खेळ तेथेच थांबला पाहिजे. बर्फाचा शेक द्यावा, पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. सुजलेल्या गुडघ्याला जोराने मालिश करणे अथवा कोणाकडून तो ओढून ‘बसवून’ घेणे टाळावे. सामना महत्त्वाचा आहे म्हणून सुई टोचून मुलाला पुन्हा उतरविणारा प्रशिक्षक त्याचा हितचिंतक नव्हे. डॉक्टरांचे कागद, क्ष-किरण चित्रे, एमआरआयचा अहवाल हे सर्व जपून ठेवावे. पुढे तपासणी मंडळापुढे ‘ही केवळ मुरगळ होती’ हे सिद्ध करावयाचे असेल, तर तेच कागद उपयोगी पडतील.

शस्त्रक्रिया झाल्यास घाई करू नये. पुन्हा स्पर्धेत उतरण्यास साधारणतः नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो, आणि त्याआधी उतरणाऱ्यांत गुडघा पुन्हा तुटण्याचे प्रमाण अधिक असते. ज्यांना सैन्याकडे जावयाचे आहे, त्यांनी दहावीच्या सुमारासच एकदा त्या वर्षीच्या जाहिरातीतील वैद्यकीय निकष वाचावेत आणि जाणत्या डॉक्टरांकडून गुडघे, पाऊल, दृष्टी तपासून घ्यावी. छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. अशा ठिकाणी अर्ज करण्यापूर्वी ही तपासणी झालेली बरी.

वाट बदलली तर

तरीही काही मुलांची वाट बदलेल. त्यांच्यासाठी आपल्या परंपरेत एक मोठे सांत्वन आहे. २० मे १५२१ रोजी स्पेनमधील पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने एका तरुण सरदाराचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसविण्यात आले. पायावर वर आलेले हाड कुरूप दिसते म्हणून त्याने ते कापूनही घेतले. दरबारातील आपली ऐट परत मिळावी, हीच त्याची तेव्हाची इच्छा होती. पडून असताना त्याच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा आल्या. तो सरदार पुढे संत इग्नेशियस लोयोला झाला. १५४० मध्ये पोपमहोदयांनी मान्यता दिलेल्या येशूसंघाचा तो संस्थापक. अखेरपर्यंत तो लंगडतच चालला. देवाने त्याचा पाय सरळ केला नाही, वाट सरळ केली.

दूर जाण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यातील, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढच्या ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या इजेने अडविली. त्यांनी पोलीस दलात दीर्घकाळ सेवा केली आणि इतरांना घडविले. गुडघा गेला म्हणून त्यांचे मोठेपण गेले नाही.

व्हॅटिकन येथून जून २०१८ मध्ये खेळाविषयी एक विस्तृत दस्तऐवज प्रसिद्ध झाला. बालखेळाडूंना यशाचे साधन मानणाऱ्या वृत्तीपासून सावध राहण्याचा इशारा त्यात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही, १९६५ मध्ये, देशाच्या सेवेत असलेल्या सैनिकांनी आपले कर्तव्य उचितपणे बजावल्यास ते शांततेलाच हातभार लावतात, अशी भूमिका मांडली. या दोन्ही शिकवणी एकत्र वाचाव्यात. सैनिकी सेवा श्रेष्ठ आहे, आणि ती स्वीकारणारे मूल त्या सेवेहूनही मोलाचे आहे. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे संत पौल करिंथकरांना लिहितो. मंदिराचा खांब तडकला तर आपण त्यावर रंग फासून तडा झाकत नाही, तो दुरुस्त करतो.

आपल्या धर्मग्रामांनी या कामी काही करता येण्यासारखे आहे. युवक मंडळाच्या सभेत एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाला आणि एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला एकत्र बोलवावे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना, ती कोणत्याही धर्माची असोत, त्या सभेचे निमंत्रण द्यावे. ज्या गरीब घरातील मुलाला एमआरआयचा खर्च झेपत नाही, त्याला वेळेवर साहाय्य मिळावे, कारण या इजेत पहिले काही आठवडे अमोल असतात. आणि ज्याच्या हाती अपात्रतेचा कागद पडला आहे, त्याच्या घरी धर्मगुरूंनी व शेजाऱ्यांनी अवश्य जावे. जो मुलगा कालपर्यंत सर्व गावाचा ‘फौजी’ होता, तो आज घराबाहेर पडावयास लाजतो. त्याला आज त्याच्या नावाने हाक मारणाऱ्या माणसांची गरज आहे.

कोरेगावच्या रस्त्यांवर उद्या पहाटेही मुले धावतील. त्यांतील काही खडकवासल्यास पोहोचोत, ही आमची सदिच्छा आहे. ज्यांचा गुडघा वाटेत दुखावेल, त्यांना योग्य उपचार, खरे बोलण्याचे धैर्य आणि दुसरी वाट दाखविणारी माणसे लाभोत, ही आमची प्रार्थना आहे.